विमा कंपनीकडे सर्व्हेअर, उद्योजकाकडे कोण?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. महामार्ग बंद पडला, नदीकाठच्या कारखान्यांत, गोदामांत, यंत्रमागांच्या शेडमध्ये पाणी शिरले आणि ते ओसरल्यावर विम्याच्या दाव्यांचे दिवस सुरू झाले. कुणाला पूर्ण रक्कम मिळाली, कुणाला कापून मिळाली, कुणाच्या हाती नकाराचे पत्र पडले. शेजारी-शेजारी असलेल्या दोन कारखान्यांत पाणी सारखेच चढते, तरी क्लेमचे निकाल वेगळे लागतात. त्याचे कारण बहुतेक वेळा फाइलमध्ये असते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि व्यापारी दाव्यांतही तिचा उपयोग होणार आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण विम्याचा वाद उच्च न्यायालयात पोहोचतो तोपर्यंत त्याचा निम्म्याहून अधिक निकाल लागून गेलेला असतो. पहिल्या पंधरा दिवसांत काय लिहिले, काय मोजले, कशाचे फोटो काढले, काय भंगारात विकले, यावर तो ठरतो. म्हणून म्हणणे एवढेच आहे, की विमा घेतलेल्या उद्योगाला स्वतःच्या बाजूचा जाणकार माणूस नुकसानीच्या दिवसापासून हवा. एकेका लहान कारखान्याला तो परवडत नसेल, तर आपल्या उद्योग संघटनांनी तो मिळून उभा करावा.

आज चित्र काय असते? विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमप्रमाणे ठरावीक रकमेवरच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजून अहवाल देणारा माणूस, लागतो. तो विमा कंपनी नेमते आणि त्याची फीही तीच देते. रक्कम मोठी असेल तर कंपनी तपास करणारा वेगळा माणूस आणि हिशेब तपासणारा वेगळा माणूस पाठवते, आणि शेवटी तिच्या पॅनेलवरच्या वकिलाचे मत घेते. समोर उद्योजकाकडे असतो पॉलिसी विकणारा एजंट, जो कायद्याने कंपनीचा प्रतिनिधी आहे; कर्ज देणारी बँक, जिला आपल्या थकबाकीची काळजी आहे; आणि सीए, ज्याने विम्याची पॉलिसी बहुधा उघडून वाचलेली नसते. ब्रोकरमार्फत पॉलिसी घेतली असेल तर तो ग्राहकाच्या बाजूचा असतो आणि क्लेममध्ये मदत करणे त्याच्या कामात मोडते. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान कारखान्यांची पॉलिसी कर्जाबरोबर बँकेनेच उतरवलेली असते आणि मूळ कागद मालकाने पाहिलेलाही नसतो.

तो कागद मे महिन्यातच पाहायला हवा. पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधायच्या. एक, पूर आणि वादळाचे संरक्षण चालू आहे की वगळले आहे. फायर पॉलिसीत ते वगळून हप्ता कमी करून घेता येतो, आणि स्वस्त पॉलिसी हवी म्हटल्यावर तसे झालेलेही असते. दोन, जागेचा पत्ता. कास्टिंग मशीनिंगसाठी उद्यमनगरातल्या जॉबवर्करकडे गेलेले असते, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचे सूत सायझिंगमध्ये किंवा दुसऱ्याच्या मागावर असते. पॉलिसीत फक्त स्वतःच्या शेडचा पत्ता असेल तर बाहेरचा माल उघडा पडतो. उलट, गिऱ्हाइकाचे पॅटर्न आणि डाय आपल्या शेडमध्ये असतात. दुसऱ्याचा विश्वासाने ठेवलेला माल पॉलिसीत घेतला नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत आणि गिऱ्हाईक मात्र ते आपल्याकडून मागते. तीन, विम्याची रक्कम कुठून आली. ताळेबंदातली घसारा वजा जाता उरलेली किंमत उचलून विमा उतरवण्याची खोड फार महागात पडते.

हिशेब करून पाहू. पुराच्या दिवशी शेडमधल्या मालाची खरी किंमत ४ कोटी, विमा ३ कोटींचा आणि साल्व्हेज (उरलेल्या मालाची किंमत) वजा जाता नुकसान १ कोटी २० लाख. विमा तीन-चतुर्थांश, म्हणून दावाही तीन-चतुर्थांश: ९० लाख. त्यातून पॉलिसीत ५ टक्के एक्सेस (विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा) असेल तर आणखी साडेचार लाख गेले. हातात येतात साडेपंच्याऐंशी लाख. नुकसान ३ कोटींच्या आत होते, मग पूर्ण का नाही, हा प्रश्न दर पुरानंतर विचारला जातो. उत्तर पॉलिसीच्या सरासरीच्या अटीत आहे आणि ती कोर्टातही सहसा टिकते. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ ते ५० कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आल्या. त्यांत विमा खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असला तरी ती तूट माफ आहे. वरच्या उदाहरणात तूट २५ टक्के आहे, म्हणजे तिथेही कात्री लागणारच. यंत्रांचे आणखी अवघड. नव्या यंत्राच्या किमतीने भरपाई देणारी पॉलिसी असेल तर तुलना नव्या यंत्राच्या किमतीशी होते आणि पंधरा वर्षे जुन्या यंत्राचा पुस्तकी किमतीने काढलेला विमा तिथे अगदीच तोकडा ठरतो.

आता पाणी ओसरल्यानंतरची फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. सगळीकडे गाळ, वास, आणि मालकाची पहिली इच्छा एकच: धुऊन काढा, भट्टी पेटवा. ती इच्छा रास्त आहे. नुकसान वाढू न देणे ही विमेदाराची जबाबदारीच आहे. पण पाण्याचा फवारा मारण्याआधी भिंतीवरची आणि प्रत्येक खांबावरची पाण्याची खूण टेप लावून, फूट-इंच वाचता येतील असे फोटो काढून ठेवायला हवेत. प्रत्येक यंत्राच्या नंबर प्लेटचा फोटो हवा, कारण सर्व्हेअरच्या यादीत ‘मोटर, ७ नग’ असे येते आणि पुढे त्या सातांपैकी कोणत्या पाण्याखाली होत्या यावर वाद होतो. मोटरी सुकवण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून इन्सुलेशनचे आकडे लिहावेत आणि सुकवल्यानंतर पुन्हा लिहावेत. रिवाइंडिंगच्या बिलाला त्या दोन आकड्यांमुळे वजन येते. इंडक्शन फर्नेसची भिजलेली लायनिंग फोडून नवी करावी लागते, कपॅसिटर आणि कंट्रोल पॅनेल यांच्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा लेखी अहवाल हवा. लाकडी पॅटर्न फुगतात, ते गेले. ॲल्युमिनियमचे धुऊन वापरता येतात आणि सर्व्हेअर ते तसेच धरणार.

खरा झगडा तयार मालावर होतो. गंजलेल्या कच्च्या कास्टिंगला शॉट ब्लास्टिंग करून घ्या, फक्त तेवढा खर्च देतो, असे सर्व्हेअर म्हणतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण मशीनिंग झालेल्या भागावर गंजाचे खड्डे पडले तर माप जाते, तो माल गिऱ्हाईक घेत नाही. इथे मालकाचे तोंडी सांगणे उपयोगाचे नाही. नमुन्याचे नग गिऱ्हाइकाकडे पाठवून त्याच्या गुणवत्ता विभागाचा लेखी नकार मिळवला, तर तो माल शंभर टक्के नुकसानीत धरायला भाग पाडता येते. आणि सर्व्हेअरची लेखी संमती मिळेपर्यंत एक किलोही भंगार शेडबाहेर जाऊ द्यायचे नाही. संमती मिळाल्यावर वजनकाट्याची पावती आणि विक्रीचे बिल जोडून ठेवायचे. घाईने विकलेल्या भंगारामुळे दावे मोडले आहेत: माल होता याचा पुरावाच भंगारवाल्याकडे गेलेला असतो.

कागदांचे वेळापत्रकही तितकेच कडक असते. प्रमाणित फायर पॉलिसीत नुकसानीची सूचना ताबडतोब द्यायची आणि १५ दिवसांत दाव्याचा लेखी तपशील द्यायचा, अशी अट असते. पुरात अडकलेल्याला १५ दिवसांत पक्के आकडे मिळत नाहीत. तेव्हा अंदाजे रकमेचा दावा दाखल करावा, तो तात्पुरता असल्याचे स्पष्ट लिहावे आणि मुदतवाढ मागावी. एजंटला फोन केला होता, ही सूचना ठरत नाही. शाखेला, विभागीय कार्यालयाला आणि पॉलिसीवर छापलेल्या पत्त्यावर ई-मेल जायला हवा. मोठ्या रकमेचा निर्णय शाखा व्यवस्थापकाच्या अधिकारात नसतो, म्हणून फक्त त्याच्याशी चांगले संबंध असून भागत नाही. पाणी वाढताना माल उंचावरच्या गोदामात हलवला असेल तर तेही त्याच दिवशी कळवावे. शिवाय जलसंपदा विभागाची पाणीपातळीची नोंद आणि तलाठ्याचा पंचनामा मिळवावा. सरकारी मदतीसाठीचा पंचनामा घाईत होतो आणि त्यात ‘अंदाजे नुकसान ५ लाख’ असे लिहिले जाते. पुढे कंपनी तोच आकडा दाव्यासमोर ठेवते. पंचनाम्यावर सही करताना हे भान हवे.

सर्वांत नाजूक कागद म्हणजे बँकेला दर महिन्याला दिलेले स्टॉक स्टेटमेंट. सीसी (कॅश क्रेडिट) खात्याची मर्यादा टिकवण्यासाठी त्यात माल फुगवून दाखवण्याची सवय आपल्या बाजारपेठेत आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. सर्व्हेअर ते स्टेटमेंट, जीएसटी विवरणपत्रे, खरेदी-विक्रीची बिले आणि विजेचे बिल शेजारी ठेवतो. फाउंड्रीत किती युनिट वीज जळली यावरून किती टन धातू वितळला याचा ढोबळ अंदाज येतोच. चारही कागद वेगवेगळे बोलू लागले की दावा नुसता कापला जात नाही. खोट्या निवेदनाची अट पुढे करून अख्खा नाकारता येतो. अशा दाव्याला कोणताही वकील नंतर वाचवू शकत नाही. विमेदाराच्या बाजूने बोलणाऱ्याने हे आधी आपल्याच अशिलाला खडसावून सांगावे लागते.

सर्व्हेअर वाईट असतात, असे म्हणणे नाही. त्यांतले पुष्कळ जण काळजीपूर्वक काम करतात. पण त्यांच्या प्रश्नांची पत्रे येत राहतात, उत्तरे अर्धवट जातात आणि शेवटी अहवालात ‘विमेदाराने कागदपत्रे पुरवली नाहीत’ हे एक वाक्य येते. ते वाक्य पुढच्या सगळ्या टप्प्यांवर पिच्छा सोडत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नपत्राला क्रमवार लेखी उत्तर, जोडलेल्या कागदांची यादी आणि पोच, एवढी शिस्त हवी. अंतिम अहवालाची प्रत मागण्याचा विमेदाराला हक्क आहे, ती मागावी. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या प्रदीप कुमार प्रकरणात सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही असे म्हटले. त्याच वर्षीच्या श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात मनासारखा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत, असेही सांगितले. पण अहवाल खोडायला समोर दुसरा तांत्रिक अहवाल लागतो, आणि तो वर्षभराने बनवता येत नाही. तोपर्यंत यंत्र दुरुस्त झालेले किंवा मोडीत गेलेले असते.

मग येते डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे भरपाई मान्य असल्याचा सही करायचा कागद. ६० लाखांच्या दाव्यावर ३२ लाखांचे व्हाउचर समोर ठेवले जाते: ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून सही करा, रक्कम जमा होईल. खाते एनपीएच्या काठावर असलेला माणूस सही करतो. १९९९ च्या अजमेर सिंग कॉटन मिल्स प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की नुसती सही केल्याने हक्क संपत नाही. पण ती फसवणूक, दिशाभूल किंवा दडपणाखाली झाल्याचे विमेदाराने दाखवले पाहिजे. विमा नियामकानेही सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात अशा व्हाउचरने विमेदाराचा दाद मागण्याचा हक्क बंद करता येणार नाही, असे कंपन्यांना बजावले. व्यवहारात उपाय सोपा आहे. सहीच्या आधी ई-मेल करून, ही रक्कम आपण हरकत राखून घेत आहोत आणि उरलेल्या अमुक बाबींचा दावा कायम आहे, हे लिहावे. तीन महिन्यांनी लिहिलेल्या निषेधाच्या पत्राला ती धार राहत नाही.

भरपाईच्या उशिरातून आणखी एक कोंडी तयार होते. नव्या यंत्राच्या किमतीने भरपाई हवी असेल तर १२ महिन्यांत नवे यंत्र बसवले पाहिजे, अशी अट असते. कंपनी पैसे देत नाही म्हणून यंत्र घेता येत नाही, आणि यंत्र घेतले नाही म्हणून घसारा कापून कमी रक्कम मिळते. मुदत कंपनी लेखी वाढवू शकते, म्हणून बारा महिने संपायच्या आत मुदतवाढीचे पत्र आणि आंशिक रकमेची मागणी या दोन्ही गोष्टी गेल्याच पाहिजेत. आपल्या कायद्यात उशिरासाठी विमा कंपनीला व्याजापलीकडे जबर दंड बसत नाही. त्यामुळे उशीर कंपनीला परवडतो आणि सीसीवर व्याज भरणाऱ्या कारखान्याला परवडत नाही. हा असमतोल धोरणाचा प्रश्न आहे आणि नियामकाकडे तो आपल्या संघटनांनी ठामपणे मांडायला हवा.

नकाराचे पत्र आले की ते शब्दशः वाचावे. २०१६ च्या गलाडा पॉवर प्रकरणानंतर हे पक्के आहे, की सूचना उशिरा दिल्याचे कारण पत्रात नसेल तर कंपनी ते पुढे न्यायालयात उकरून काढू शकत नाही. पत्रानंतर १२ महिन्यांत दावा न लावल्यास हक्क संपतो, अशी अट जुन्या छापाच्या पॉलिसींत दिसते. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ पासून झालेल्या दुरुस्तीने अशी अट तेवढ्यापुरती निरर्थक ठरते. तरीही त्या भरवशावर बसू नये. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, दिवाणी दाव्याची तीन वर्षांची.

कुठे जायचे, हा प्रश्न आता कोल्हापूरकरांसाठी नव्याने विचार करण्यासारखा झाला आहे. सूक्ष्म उद्योग आणि एकल मालकीच्या पेढ्या ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. तिथे फी नाही आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, विमेदारावर नसतो. त्यावरच्या दाव्यांसाठी बहुतेकांना ग्राहक आयोग सुचतो. विमा घेणारी संस्था व्यापारी असली तरी विम्यापुरती ती ग्राहक ठरू शकते, हे एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्स प्रकरणात स्पष्ट झाले. शिवाय आयोगाची हद्द दाव्याच्या रकमेवर ठरत नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरते. हप्ता ५० लाखांपर्यंत असेल तर चार कोटींचा दावाही कोल्हापूरच्या जिल्हा आयोगासमोर चालतो. कंपनी हरली आणि अपिलात गेली तर तिला निम्मी रक्कम भरावी लागते. हे फायदे खरे आहेत. पण आयोगाची पद्धत संक्षिप्त आहे; फसवणुकीचा आरोप, हजारो बिलांचा हिशेब, तज्ज्ञांची उलटतपासणी असेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जा म्हणून परत येऊ शकते, आणि वरची पायरी राज्य आयोगाची, नंतर दिल्लीची.

गुंतागुंतीच्या मोठ्या दाव्यासाठी वाणिज्य न्यायालयाचा मार्ग आता अधिक विचारात घ्यावा. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात विम्याचे वाद स्पष्टपणे येतात, आणि २०१८ पासून किमान रक्कम ३ लाख आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर कलम १२ अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन प्रकरणानंतर, २० ऑगस्ट २०२२ पासून, ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही. सगळी कागदपत्रे दाव्याबरोबरच लावावी लागतात, नंतर आणलेला कागद सहज घेतला जात नाही. म्हणजे फाइल पहिल्या पंधरवड्यात बांधली असेल, तर हेच न्यायालय तिच्यासाठी सर्वांत चांगले. जिल्हा न्यायालयाच्या पातळीवरील निकालावरचे अपील आता मुंबईऐवजी कोल्हापुरातच ऐकले जाऊ शकते. ज्या वकिलाने पहिले पत्र लिहिले तोच अपिलातही उभा राहू शकतो, ही सोय आतापर्यंत नव्हती.

याला एक आक्षेप वजनदार आहे. पहिल्या दिवशीच वकील आणला तर कंपनी बिचकेल, सरळ मिटणारा दावाही भांडणाचा होईल. आणि पुरानंतर फुगवलेले दावे येतात हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. त्याचा बोजा प्रामाणिक विमेदाराच्या हप्त्यावर पडतो. म्हणूनच सुरुवातीला वकिलाने पडद्यामागे राहावे. पत्रे कारखान्याच्याच लेटरहेडवर जावीत, भाषा सभ्य असावी, मागितलेला प्रत्येक कागद द्यावा. नीट बांधलेला दावा प्रामाणिक सर्व्हेअरलाही सोयीचा असतो, त्याचे आकडे त्याला वरिष्ठांसमोर मांडता येतात.

पैशाचा प्रश्नही आहे. वकिलाला निकालावर टक्केवारी घेता येत नाही, बार कौन्सिलचे नियम ते मना करतात. ती जागा ‘क्लेम मिळवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारांनी भरली आहे. त्यांच्यावर परवान्याचे बंधन नाही आणि आकडा फुगवण्यात त्यांचा स्वार्थ असतो. गोशिमा, स्मॅक, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योग संघटनांनी एकत्र येऊन वार्षिक वर्गणीवर क्लेम कक्ष चालवला तर ही पोकळी भरून निघेल: एक विमा जाणणारा वकील, एक खर्चाचा हिशेब जाणणारा लेखापाल, आणि गरजेप्रमाणे विद्युत व यंत्र अभियंता. मे महिन्यात सभासदांच्या पॉलिसी तपासायच्या, पुरानंतर ४८ तासांत शेडमध्ये माणूस पोहोचायचा, टप्प्यानुसार ठरलेली फी घ्यायची. आपल्या जिल्ह्यातील विम्याची वकिली आजवर मुख्यतः मोटार अपघाताच्या दाव्यांभोवती वाढली. उद्योगाच्या विम्याचा अभ्यास करणारे तरुण वकील अशा कक्षातूनच तयार होतील. त्यांना नेमताना संघटनेने एक गोष्ट लेखी घ्यावी: आपण किंवा आपले सहकारी कोणत्या विमा कंपन्यांच्या पॅनेलवर आहोत, याची यादी, आणि ती दरवर्षी १ एप्रिलला नव्याने.